केरिया के बोल्बिएरा

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट आहे, शनिवार होता आणि इथे स्पेनमध्ये, बुर्गोसला, थंडी आत्ताच हाडात शिरायला लागली होती. मी ज्यांच्याकडे खोली भाड्याने घेतलीय त्या बाई, पंच्याहत्तरीच्या असतील, मी मनातल्या मनात त्यांना काकूच म्हणते, त्या आणि मी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसून तोर्तियासाठी, म्हणजे बटाट्याच्या जाड ऑम्लेटसाठी, बटाटे सोलत होतो. खिडकीची पर्सियाना उन्हाळ्यापासून अर्ध्यात अडकलेली. पर्सियाना म्हणजे आपल्याकडच्या दुकानाच्या शटरसारखी, फक्त प्लास्टिकच्या पट्ट्यांची, भिंतीतून येणारा एक पट्टा ओढला की वर जाते. ती वर जात नव्हती म्हणून भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून बसलेलो, आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्यातून समोरच्या बिल्डिंगचे फक्त दोन मजले दिसत होते. काकूंनी मान वर करून खिडकीकडे बघितलं, हातातला बटाटा तसाच, आणि म्हणाल्या, "सी बिबिरिया मी मारिदो..." माझा नवरा असता तर. आणि मी, काय सांगू, विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं, "बिबिएरा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, "एसो, बिबिएरा," म्हणजे हां तेच ते, असं म्हणून मान हलवली, बटाटा पातेल्यात टाकला आणि दुसरा घेतला.

नवरा असता तर काय, ते राहूनच गेलं.

रागावल्या वगैरे अजिबात नाहीत. तोर्तिया झाला, जेवलो, टीव्हीवर हवामान बघितलं, त्यांनी मला नेहमीसारखं मोठं तुकडं वाढलं. पण रात्री पांघरुणात शिरल्यावर ते वाक्य पुन्हा आलं, आणि नंतर कित्येक दिवस येत राहिलं. एखादी बाई आपल्या गेलेल्या नवऱ्याबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि समोरची पोरगी तिचं क्रियापद दुरुस्त करते.

त्या आठवड्यात वर्गात हेच चालू होतं म्हणून झालं ते. चाकणच्या कंपनीने मला इथल्या प्लांटला पाठवलं तेव्हा इंग्रजीवर भागेल असं सगळे म्हणाले होते, ते मीटिंगपुरतं भागतं, शॉपफ्लोअरवर नाही आणि काकूंशी तर नाहीच. म्हणून मंगळवार-गुरुवार संध्याकाळी स्पॅनिशचा वर्ग. आणि तिथे दीड वर्षाने आम्ही त्या रूपापाशी येऊन पोचलो ज्याला सगळे घाबरून असतात, इम्पेरफेक्तो दे सुबखुन्तीबो. खरं तर बनवायला सोपं आहे. 'ते बोलले' हे घ्यायचं, आब्लारोन. शेवटचा 'रोन' उडवायचा, 'आब्ला' उरतं, त्याला रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावायचं. आब्लारा, आब्लारास, आब्लारा. कोमिएरोन, ते जेवले, त्याचं कोमिएरा. बिबिएरोन, ते जगले, त्याचं बिबिएरा. संपलं. जी अनियमित क्रियापदं वर्तमानकाळात जीव काढतात तीपण इथे याच रस्त्याने येतात, म्हणून मला हा नियम फार आवडलेला, एखादं फिक्स्चर सगळ्या पार्टना बसतं तेव्हा जसं बरं वाटतं तसं. मी सगळा तक्ता हिरव्या स्केचपेनने लिहून काकूंच्या फ्रिजवर मॅग्नेटने लावला होता, त्यांनीच लाव म्हटलं होतं. म्हणजे ज्या दिवशी मी त्यांना टोकलं त्या दिवशी तो तक्ता त्यांच्या पाठीमागे लटकत होता.

सोपं म्हटलं तरी एक काडी आडवी येते. आब्लाऽरा म्हणजे 'बोलला असता तर' मधलं बोलणं, आणि आब्लाराऽ म्हणजे 'बोलेल', सरळ भविष्यकाळ. लिहिताना फरक शेवटच्या अक्षरावरच्या एका तिरक्या रेघेचा, बोलताना जोर कुठे पडतो त्याचा. यामाऽरा, फोन केला असता तर. यामाराऽ, फोन करेल. आमच्या बाई डिक्टेशनला मुद्दाम ही जोडी घालायच्या आणि निम्मा वर्ग चुकायचा. मीही चुकायचे, कारण आपल्या कानाला अशा आघाताने अर्थ बदलायची सवय नाही, आपल्याला ऱ्हस्व-दीर्घ कळतं, जोर कळत नाही. मोबाइलवर टाइप करताना तर लोक ती रेघ देतसुद्धा नाहीत, मग 'करेल' आणि 'केला असता तर' दिसायला सारखेच होतात, बाकीच्या वाक्यावरून ओळखायचं.

आता काकू जे बोलल्या ते. बिबिरिया हे रूप चुकीचं नाही, जागा चुकीची. पुस्तकाप्रमाणे 'सी'च्या, म्हणजे 'जर'च्या, बाजूला रा-वालं रूप येतं आणि 'तर'च्या बाजूला रिया-वालं. जर असता, तर केलं असतं, दोन्हीकडे आपण 'असता' वापरतो, हे लोक दोन वेगळी रूपं वापरतात. पण बुर्गोस, पलीकडे ला रियोखा, बास्क प्रदेश, कान्ताब्रिया, नावार्रा इकडची माणसं पिढ्यान् पिढ्या दोन्हीकडे रिया लावतात. स्पॅनिश भाषेच्या अकादमीला ते मान्य नाही, शाळेत पोरांना त्यावरून टोकून टोकून बेजार करतात, आणि तरी बाजारात, बसमध्ये, बारमध्ये सर्रास ऐकू येतं. आणि हा काही कुठला कोपरा नाही, कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिशच, जिथे जन्मली म्हणतात तो हाच मुलूख. इथून साठेक किलोमीटरवर सान्तो दोमिंगो दे सिलोसचा मठ आहे, तिथल्या एका लॅटिन पोथीच्या समासात कुणीतरी साधूने अवघड शब्दांचे अर्थ लोकांच्या बोलीत लिहून ठेवलेत, या भाषेच्या अगदी जुन्या लिखित खुणांमध्ये ते धरतात. पोथी आता लंडनला आहे. मी मठात गेले होते तेव्हा त्या अंगणातल्या कमानींखाली उभी राहून मला सारखं वाटत होतं की त्या समासात लिहिणाऱ्याने लॅटिन वाचता न येणाऱ्या माणसाला मदत केली होती. मी काकूंना केली ती मदत नव्हती, त्यांना कुठे काही अडलं होतं?

आणि मला हे कळायला हवं होतं, मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, कारण मी कराडची. आमच्याकडं बायका-पोरीपण 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. आई म्हणते, आजी म्हणायची, त्यात पुरुषी असं काही आहे हे मला अठराव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. पुण्याला होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात रूममेटला म्हटलं, "मी जेवून येतो गं," तर ती आणि तिची मैत्रीण एकदम, "येतो नाही, येते!" वाईट मनाने नाही म्हणाल्या, हसून म्हणाल्या. पण मी मेसला जाताना काय सांगणार होते ते, बहुतेक तुमच्यासाठी काही आणू का असंच काहीतरी असेल, ते राहून गेलं, नंतर महिनाभर मी प्रत्येक वाक्याच्या शेवटाशी येऊन थबकायचे. सहा महिन्यांत 'येते', 'जाते', 'करते' पक्कं झालं. दिवाळीला घरी आल्यावर एकदा मी शेजारी जायला निघाले आणि म्हटलं, "जाऊन येते," तर बाबा पेपरमधनं मान वर करून म्हणाले, "येते म्हणायला लागलीस व्हय." एवढंच म्हणाले आणि परत पेपर. कौतुक होतं का काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तेव्हापासून घरच्यांशी 'येतो' आणि बाकी जगाशी 'येते' असं चालू आहे. हा लेख लिहितानाही मी 'येते'च लिहितेय.

त्या गुरुवारी, म्हणजे काकूंना टोकायच्या दोनच दिवस आधी, वर्गात एक साधा व्यायाम होता. लहानपणी तुमच्या आईवडिलांची काय इच्छा होती ते लिहा. मी लिहिलं, माझ्या वडिलांची इच्छा होती की मी शिकावं. 'मी पाद्रे केरिया के यो एस्तुदिए.' बाईंनी 'एस्तुदिए'खाली रेघ मारून वर लिहिलं, 'एस्तुदियारा'. मी विचारलं का, तर म्हणाल्या, इच्छा भूतकाळातली आहे ना, मग इच्छेच्या आतलं क्रियापदही भूतकाळात जाणार. तो म्हणतोय की तू शिकावंस, तर एस्तुदिएस. तो म्हणत होता की तू शिकावंस, तर एस्तुदियारास. सोपं आहे, त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

मी तिथेच अडकले. कारण मराठीत असं होतच नाही. मी शिकावं असं बाबांना वाटतं, मी शिकावं असं बाबांना वाटायचं. वाटणं बदललं, 'शिकावं' जागच्या जागी. शाळेत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ घोकले तेव्हा कुणी हे सांगितलं नव्हतं की विध्यर्थातल्या त्या 'वं'ला काळ चिकटत नाही. बोलणारा माणूस राहो न राहो, त्याने काय व्हावं म्हटलं ते आपलं व्हावं, करावं, यावं असं ताजंच राहतं. स्पॅनिशमध्ये माणसाबरोबर त्याच्या इच्छेलाही मागे पाठवावं लागतं, नाहीतर वाक्य चूक. मी वहीत ते बरोबर रूप लिहिलं, दोनदा लिहिलं, आणि दोन्ही वेळा हात जड झाला हे खरं.

बाबा गेले त्याला तेव्हा नऊ महिने झाले होते.

ते साखर कारखान्यात काट्यावर होते, उसाच्या गाड्या तोलायला, रिटायर होऊन सहा वर्षं झालेली. दर रविवारी फोन, कराडला रात्रीचे नऊ, इथे हिवाळ्यात दुपारचे साडेचार. बोलायचे काय तर पाऊस. कृष्णेला पाणी किती, कोयनेचे दरवाजे उघडले का, यंदा उसाला उतारा कसा. मग विचारायचे, तिथं पाऊस आहे का? मी म्हणायचे नाही, कोरडं आहे, आर्लान्सोन म्हणजे आपल्या ओढ्याएवढी नदी. "मग पडावा की थोडा," ते म्हणायचे, जणू मी इथल्या शेतकऱ्यांची कुणी लागते. इथल्या लोकांकडे त्यासाठी एक अख्खा शब्द आहे, ओखाला, अरबीतून आलेला, त्याच्यात अल्ला आहे, देवाची इच्छा असली तर असा. 'ओखाला युएबा' म्हणजे पडो बाबा पाऊस, पडेलही कदाचित. 'ओखाला योबिएरा' म्हणजे पडला तर किती बरं होईल, पण आशा नाहीये. मेसेताच्या, म्हणजे इथल्या पठाराच्या, कोरड्या गव्हाच्या रानात दोन्ही लागतात. बाबा कायम पहिलंच बोलायचे, 'पडावा की'.

त्यांनी 'परत ये' असं एकदाही म्हटलं नाही. "किती दिवसाचं काम राहिलंय?" एवढं विचारायचे. मी वर्ष म्हणायचे, मग दीड वर्ष म्हटलं कारण प्रोजेक्ट वाढलं, मग काहीच म्हटलं नाही. आई नंतर म्हणाली, तू यावंस असं त्यांच्या फार मनात होतं, पण पोरीच्या पायात पाय कशाला घाला म्हणायचे. फेब्रुवारीत पहाटे भावाचा फोन आला. बुर्गोसहून माद्रिद बसने, मग विमान, मग मुंबईहून गाडी, अंत्यविधीला नाही पोचले, सावडायला पोचले. प्रीतिसंगमावर पाण्यात उभी होते तेव्हा कृष्णा खरंच खाली गेलेली होती, म्हणजे त्यांनी आदल्या रविवारी सांगितलं होतं तितकीच.

तर वर्गातनं घरी आल्यावर मी आईचं ते वाक्य स्पॅनिशमध्ये करायला बसले. मी परत यावं असं त्यांना वाटत होतं. परत येणं म्हणजे बोल्बेर, बोल्बिएरोन, 'रोन' काढा, बोल्बिएरा. 'केरिया के बोल्बिएरा.' हे लोक कर्ता बोलत नाहीत, क्रियापदावरून कळतो म्हणून. पण इथे कळत नाही. कारण 'केरिया' मीचंही तेच आणि तोचंही तेच, आणि 'बोल्बिएरा' मीचंही तेच आणि तोचंही तेच, माझ्या त्या हिरव्या तक्त्यातली पहिली आणि तिसरी ओळ सारखीच आहे, रा आणि रा. मी परत यावं असं त्यांना वाटत होतं. त्यांनी परत यावं असं मला वाटत होतं. तीनच शब्द, एकाही अक्षराचा फरक नाही. मी वहीकडे बघत बसले, किती वेळ ते माहीत नाही, काकूंनी दारावर टकटक करून सूप गरम केलंय म्हणून सांगितलं तेव्हा उठले. वर्गात मी हे वाक्य दाखवलं नाही. बाईंनी बरोबर सांगितलं असतं की गोंधळ टाळायला 'यो', म्हणजे मी, आणि 'एल', म्हणजे तो, लिहा, आणि मला ते लिहायचे नव्हते.

बाईंनीच नंतर कधीतरी सांगितलेलं आणखी एक डोक्यात राहिलंय. या रूपाला दोन शेपट्या आहेत, रा आणि से, बिबिएरा आणि बिबिएसे, अर्थ एकच, लॅटिन अमेरिकेत जवळपास सगळीकडे रा, इथे स्पेनमध्ये से अजून कानावर पडतं पण कमी. यातलं से हे लॅटिनमध्येसुद्धा असंच, जर-तरचंच होतं. रा तसं नव्हतं. लॅटिनमध्ये ते साधं, खरंखुरं घडून गेलेलं सांगायचं रूप होतं, त्याने प्रेम केलं होतं, तो आला होता, असं. शेकडो वर्षांत ते सरकत सरकत न घडलेल्याकडे आलं. आणि जुनी सवय थोडी उरलीय, पेपरात निधनाच्या बातमीत अजून लिहितात, 'एल के फुएरा आल्काल्दे', जे एकेकाळी महापौर होते ते. 'फुएरा', असता तर वालं रूप, पण अर्थ 'होते'. काकू रोज सकाळी कॉफीबरोबर लोकल पेपर वाचतात, निधनाचं पान आधी. मी त्यांच्या खांद्यावरून ते रूप शोधायला लागले होते.

आपणही काही कमी नाही. वाण्याकडे उभं राहून आपण म्हणतो, अर्धा किलो साखर हवी होती. होती कसली, आत्ता हवीये. पण मागे ढकलून मागितलं की मऊ वाटतं. इथे बारमध्ये लोक अगदी तसंच 'केरिया उन काफे' म्हणतात, कॉफी हवी होती, आणि जास्तच अदबीने बोलायचं तर 'किसिएरा', तेच आपलं रा-वालं रूप. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला कराडच्या पेठेतला वाणी दिसला होता, आणि या परक्या गावात फार बरं वाटलं होतं.

डिसेंबरच्या मध्याला, पुन्हा शनिवारीच, मी धीर केला. काकू कांदा चिरत होत्या. मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही काहीतरी बोलत होता, मी मध्येच बोलले, माफ करा. सी बिबिरिया तू मारिदो, के? मी 'बिबिरिया'च म्हटलं, त्यांच्यासारखं. त्यांना आधी आठवेना. मग सुरी खाली ठेवून त्यांनी सुरीच्याच हाताने खिडकीकडे दाखवलं. "ती पर्सियाना," त्या म्हणाल्या. तो असता तर ही कधीच दुरुस्त झाली असती, एक रविवार तिला अशी राहू दिली नसती त्यानं. एवढंच होतं ते. मी महिनाभर काय काय कल्पना केल्या होत्या.

मग मी कोट घालून खाली फेर्रेतेरियात, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि पाच मीटर पट्टा घेऊन आले. खिडकीच्या वरच्या लाकडी पेटीचे स्क्रू गंजलेले, एक तर पिळूनच काढावा लागला, काकू खाली उभ्या राहून टॉर्च धरत होत्या आणि पडशील, पडशील म्हणत होत्या. आत धूळ, मेलेल्या माश्या, पुलीवर गुंडाळलेला राखाडी पट्टा. ओढला तर मधोमध एक गाठ येऊन पुलीच्या कडेला अडकत होती. गाठ नव्हती ती, पट्टा कधीतरी तिथे तुटला होता आणि दोन तुकडे एकावर एक ठेवून मासेमारीच्या दोऱ्याने शिवले होते, चौकोनात, आणि मग चौकोनाच्या आत आडवा-तिडवा फुलीचा टाका, दप्तराच्या पट्ट्याला घालतात तसा. टाके एकसारखे, इतके की मी आधी मशीनचे समजले. आता ती शिवण फुगून जाड झाली होती म्हणून अडकत होती. मी पट्टा कापून खाली दिला. काकूंनी टॉर्च टेबलावर ठेवला, चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि त्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"एस्तो लो इसो एल," त्या म्हणाल्या. हे त्यानं केलंय.

नवा पट्टा पुलीतून ओवून, भिंतीतल्या स्प्रिंगला ताण देऊन बसवायला मला तासभर लागला, दोनदा सुटला आणि एकदा बोटावर बसला. शेवटी ओढला तेव्हा पर्सियाना करकरत पार वरपर्यंत गेली. चार वाजले असतील, ऊन तिरपं होऊन थेट फ्रिजवर आलं, माझ्या तक्त्यावरची हिरवी शाई उडत चाललीय हे तेव्हा दिसलं. काकूंनी तो शिवलेला तुकडा दोन्ही बाजूंनी वीतभर पट्टा ठेवून कापला, धूळ फुंकली, आणि चमच्यांच्या खणात, कॉर्कस्क्रू आणि मेणबत्त्या असतात तिथे ठेवला. मग परत कांदा चिरायला बसल्या.